चीफटन्स वृंदाच्या ध्वनिमुद्रिका : आयरिश संगीताच्या इतिहासाचे एक साधन

१. प्रश्नाचे स्वरूप

मौखिक परंपरेने चालत आलेल्या संगीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची उणीव पदोपदी जाणवते. चाल एका कानातून दुसऱ्या कानात जाते, बोटांतून बोटांत उतरते आणि वाजविणाऱ्याबरोबरच बहुधा लोप पावते. ध्वनिमुद्रणाच्या शोधाने ही उणीव भरून निघाली, असा सर्वसाधारण समज आहे. वादक गेला तरी वादन उरले, तेव्हा आता परंपरा जशीच्या तशी हाती आली, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत कितपत टिकते, ते एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी आयर्लंडमधील ‘चीफटन्स’ या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका निवडल्या आहेत. १९६२ साली डब्लिन येथे स्थापन झालेला हा वृंद त्याचा प्रवर्तक पॅडी मोलोनी याच्या १९२१ नव्हे तर अगदी अलीकडच्या, म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये झालेल्या मृत्यूपर्यंत, सुमारे एकोणसाठ वर्षे त्याच्याच नेतृत्वाखाली राहिला. १९६४ मधील पहिल्या तबकडीपासून २०१२ मधील ‘व्हॉइस ऑफ एजेस’ पर्यंत त्याच्या ध्वनिमुद्रिकांची मालिका जवळजवळ अखंड आहे. एकाच व्यक्तीच्या देखरेखीखाली इतका दीर्घकाळ तयार होत गेलेला असा संग्रह लोकसंगीताच्या क्षेत्रात विरळाच. या संग्रहाकडे परंपरेचा आरसा म्हणून पाहिले, तर संशोधकाची फसगत होते; परंपरेत घडलेल्या कृतींची नोंद म्हणून पाहिले, तर मात्र तो फार मोलाचा ठरतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. पूर्वपीठिका

आयरिश संगीताच्या जतनाचे प्रयत्न ध्वनिमुद्रणाच्या पुष्कळ आधी सुरू झाले होते. १७९२ च्या जुलैत बेलफास्ट येथे हार्पवादकांचा मेळावा भरला. तेथे वाजविल्या गेलेल्या चाली टिपून घेण्याचे काम एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाकडे सोपविण्यात आले होते. त्याचे संग्रह १७९६, १८०९ आणि १८४० साली प्रसिद्ध झाले. बंटिंगने चाली वाचविल्या हे खरे. परंतु त्या त्याने पियानोच्या सोयीने बसविल्या. तारेच्या हार्पवर नखांनी वाजविण्याची जुनी पद्धत, तिच्यातील अलंकरण आणि झंकार हे सारे छापील स्वरलिपीत उतरू शकले नाही. पुढे शिकागोच्या पोलीस दलाचा प्रमुख असलेल्या फ्रान्सिस ओ’नील या कॉर्क परगण्यातील स्थलांतरिताने १९०३ साली १,८५० चालींचा प्रचंड संग्रह प्रकाशित केला. वादकांच्या अनेक पिढ्यांनी त्याचा उपयोग केला. पण तोही चालींचा सांगाडाच होता.

याच काळात अमेरिकेत ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा व्यापार वाढला. स्लायगो परगण्यातून न्यूयॉर्कला गेलेला फिडलवादक मायकेल कोलमन याच्या १९२१ पासून निघू लागलेल्या तबकड्या आयर्लंडमध्ये परत आल्या आणि खेड्यापाड्यांत ऐकल्या जाऊ लागल्या. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्या अवधीत दोन किंवा तीन चाली जोडून वाजविण्याचा प्रघात त्यामुळे पक्का होण्यास मदत झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, स्लायगोची वादनशैली इतर परगण्यांतील तरुणांनी उचलली आणि काही ठिकाणच्या स्थानिक शैली मागे पडल्या. ध्वनिमुद्रिका केवळ जतन करीत नाही, ती निवडही करते आणि निवडलेल्याला प्रमाण ठरविते, याचा हा पहिला ठळक पुरावा होय.

देशातही परिस्थिती पालटत होती. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृहविषयक कायद्याने नृत्याच्या कार्यक्रमांना परवाना आवश्यक ठरविला. त्याच्या अंमलबजावणीमुळे घराघरांतून होणाऱ्या नाचांस उतरती कळा लागली आणि मोठ्या दिवाणखान्यांतून वाजविणारे ‘केली बँड’ पुढे आले. त्यांत फिडल, अॅकॉर्डियन, बासरी, पियानो आणि ड्रम हे सारे एकच चाल एकाच वेळी वाजवीत. नाचणाऱ्यांच्या पावलांस ते सोयीचे होते. ऐकणाऱ्यास वाद्यांचे वेगळेपण मात्र त्यात सापडत नसे. वस्तुतः आयरिश वाद्यसंगीत हे प्राधान्याने एकट्याने वाजवावयाचे, एकसुरी चालीचे संगीत. अनेकांनी एकत्र बसून, नाचासाठी नव्हे तर श्रवणासाठी ते कसे वाजवावे, याला परंपरेत तयार उत्तर नव्हते.

३. ओ रिआडा आणि क्लॅडा

हे उत्तर शोधण्याचा पहिला विचारपूर्वक प्रयत्न शॉन ओ रिआडा या संगीतकाराने केला. ‘मिश एरे’ या १९५९ च्या अनुबोधपटास त्याने दिलेल्या वाद्यवृंदसंगीतामुळे त्याचे नाव घरोघरी झाले होते. त्यानंतर लवकरच त्याने ‘क्योलतोरी खूअलन’ हा पारंपरिक वादकांचा वृंद उभारला. सर्वांनी सतत एकत्र वाजविण्याऐवजी कधी एका वाद्याने, कधी दोघांनी, तर कधी सर्वांनी चाल उचलावी, अशी त्याची योजना होती. बाउरॉन हे बकऱ्याच्या कातड्याने मढविलेले डफासारखे वाद्य सन्मानाने मैफलीत आले, तेही मुख्यतः त्याच्यामुळेच.

पॅडी मोलोनी, शॉन पॉट्स, मार्टिन फे आणि मायकेल टुब्रिडी हे ओ रिआडाच्या वृंदातील वादक. मोलोनी हा १९३८ साली डब्लिन येथे जन्मलेला इलन पाइप्सचा वादक. हे वाद्य बॅगपाइपच्या जातीचे असले, तरी ते तोंडाने फुंकीत नाहीत. कोपराखाली धरलेल्या भात्याने त्यात हवा भरतात. लिओ राउसम या विख्यात वादकाकडे मोलोनीचे शिक्षण झाले होते. या राउसमचीच तबकडी काढून गॅरेक ब्राउन याने १९५९ साली ‘क्लॅडा रेकॉर्ड्स’ ही संस्था सुरू केली होती. ब्राउनने मोलोनीस एका तबकडीपुरता वृंद जमविण्यास सुचविले आणि वरील चौघांत बाउरॉनवादक डेव्हिड फॅलन याची भर पडून चीफटन्सचा जन्म झाला.

येथे घटनांचा क्रम नीट ध्यानात घ्यावयास हवा. गावात वृंद होता, तो लोकप्रिय झाला, मग त्याचे ध्वनिमुद्रण झाले, असे येथे घडले नाही. ध्वनिमुद्रण ठरले आणि त्यासाठी वृंद निर्माण झाला. शिवाय हे वादक कोण्या एका परगण्याचे नव्हते. टुब्रिडी क्लेअर परगण्यातील किलरशचा. पॉट्सच्या घराण्याची मुळे वेक्सफर्डमध्ये. मोलोनीचे आजोळ लीश परगण्यातील स्लीव्ह ब्लूमच्या डोंगरात. वेगवेगळ्या भागांतून राजधानीत येऊन मिसळलेल्या शैलींचे हे संगीत होते. पहिल्या तबकडीवर जे ऐकू येते ते ‘खेड्यातील’ संगीत नसून, खेड्यांच्या स्मृती बाळगणाऱ्या एका शहराने रचलेले संगीत आहे.

४. क्रमांकांची तबकडी (१९६४–१९७८)

पहिल्या तबकडीनंतर दुसरी निघण्यास पाच वर्षे लागली. वादक आपापल्या नोकऱ्या सांभाळून सवडीने वाजवीत. मोलोनी स्वतः एका इमारतसाहित्याच्या पेढीत हिशेबाचे काम करी. १९६८ साली तो क्लॅडाचा व्यवस्थापकीय संचालक झाला आणि दुसरी तबकडी १९६९, तिसरी १९७१, चौथी १९७३ व पाचवी १९७५ साली बाहेर पडली. या तबकड्यांना नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. एखाद्या संशोधनसंस्थेने ग्रंथमालेचे खंड काढावेत, तसा हा प्रकार दिसतो. गाण्याच्या व्यवसायात प्रत्येक तबकडीस आकर्षक नाव देण्याची चाल असताना क्लॅडाने ती पाळली नाही, यावरून ही संस्था आपल्या कामाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होती, याची कल्पना येते.

या खंडांतील सामग्री मात्र शब्दशः जुनी असली, तरी तिची मांडणी नवी आहे. लाँग-प्ले तबकडीच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळत असल्याने संथ गीताची चाल, तिच्यामागून जिग, मग रील अशी विस्तृत गुंफण शक्य झाली. कोलमनच्या तीन मिनिटांत हे शक्य नव्हते. १९७६ च्या ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ मध्ये तर नेपोलियनविषयीच्या आयरिश लोकांच्या आशा आणि निराशा यांभोवती अनेक चाली ओवून एक दीर्घ रचना सिद्ध केली आहे, आणि तीत डोलोरेस कीन हिचा आवाजही येतो. परंपरेने चाली दिल्या; त्यांचे आख्यान मोलोनीने केले.

याच काळात वृंदाची घडण पालटली. १९६८ साली फिडलवादक शॉन कीन आला. चौथ्या तबकडीच्या सुमारास डेरेक बेल याची हार्प आली. बेल हा बेलफास्टचा, पाश्चात्त्य अभिजात संगीतात मुरलेला आणि तेथील बीबीसीच्या वाद्यवृंदात काम केलेला कलावंत. उत्तर आयर्लंड हिंसाचाराने होरपळत असता तो डब्लिनच्या वृंदात सामील झाला, ही गोष्टही नोंद घेण्याजोगी आहे. हार्प हे आयर्लंडचे राष्ट्रीय चिन्ह खरे. पण बंटिंगने ऐकलेली वादनपरंपरा एकोणिसाव्या शतकातच खंडित झाली होती. तेव्हा टरलो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) या अंध हार्पवादकाच्या रचना बेलने वाजविल्या, त्या गुरुपरंपरेने आलेल्या नव्हेत, छापील संग्रहांतून पुनरुज्जीवित केलेल्या होत. आज श्रोत्याला त्या अतिप्राचीन व अखंड वाटतात, याचे श्रेय ध्वनिमुद्रिकांस आहे. आणि इतिहासकाराने सावध राहावयाचे स्थळही हेच आहे.

चौथ्या तबकडीवर ओ रिआडाने स्वरबद्ध केलेली ‘आयर्लंडच्या स्त्रिया’ ही चाल आहे. स्टॅन्ली कुब्रिकने ती आपल्या ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटात वापरली आणि चीफटन्सचे नाव जगभर पोहोचले. ओ रिआडा १९७१ सालीच निवर्तला होता. विसाव्या शतकातील एका संगीतकाराची ही चाल अठराव्या शतकावरील चित्रपटात ‘जुने आयरिश संगीत’ म्हणून ऐकली गेली. परंपरेचे वय श्रोत्याच्या कानात कसे ठरते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. त्याच वर्षी १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, वृंदाने लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल गाजविले आणि सभासदांनी नोकऱ्या सोडून संगीत हाच व्यवसाय पत्करला.

५. राष्ट्राचे प्रतिनिधित्व

१९७६ साली पादर मर्सिअर याच्या जागी केव्हिन कॉनेफ आला. १९७९ साली पॉट्स व टुब्रिडी बाहेर पडले आणि बासरीवादक मॅट मोलॉय दाखल झाला. कॉनेफ बाउरॉनबरोबर गातही असल्यामुळे, आरंभी केवळ वाद्यांचा असलेला हा वृंद १९७९ च्या ‘बॉइल द ब्रेकफास्ट अर्ली’ पासून आपल्याच सभासदाच्या कंठाने बोलू लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांच्या डब्लिन येथील सभेत दहा लाखांहून अधिक जनसमुदायापुढे त्यांचे वादन झाले. १९८३ साली ते चीनला गेले; त्या दौऱ्याची तबकडी १९८५ साली निघाली. १९८९ साली आयरिश सरकारने त्यांस देशाचे सांगीतिक राजदूत म्हणून गौरविले.

१९८२ ची ‘द यिअर ऑफ द फ्रेंच’ ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. १७९८ च्या उठावात जनरल अंबेर याच्या हाताखाली फ्रेंच सैन्य मेयो परगण्यात उतरले, त्या प्रसंगावरील टॉमस फ्लॅनगन याच्या कादंबरीची दूरचित्रवाणी-मालिका झाली आणि तिचे संगीत मोलोनीने रचले. येथे पारंपरिक वादक मोठ्या वाद्यवृंदासह वाजवितात. ओ रिआडाने १९५९ साली चित्रपटासाठी जे केले, त्याच वाटेवर त्याचा शिष्यवर्ग वीस वर्षांनी परत आला, असे म्हणता येईल. फरक इतकाच की, आता वाद्यवृंदाने लोकवाद्यांची जागा घेतली नाही. लोकवाद्ये अग्रभागी राहिली.

६. पाहुण्यांचा कालखंड आणि त्यावरील आक्षेप

१९८७ नंतरच्या ध्वनिमुद्रिकांचे स्वरूप निराळे आहे. ब्रिटनी प्रांताच्या संगीतावरील ‘केल्टिक वेडिंग’ (१९८७), व्हॅन मॉरिसनसह ‘आयरिश हार्टबीट’ (१९८८), नॅशव्हिलच्या कलावंतांसह ‘अनदर कंट्री’ (१९९२), रोलिंग स्टोन्स, स्टिंग, शिनेड ओ’कॉनर आदी गायकांसह ‘द लाँग ब्लॅक व्हेल’ (१९९५), गॅलिशियाच्या संगीताची ‘सान्तियागो’ (१९९६) अशी ही परंपरा आहे. या काळातच वृंदास एकंदर सहा ग्रॅमी पारितोषिके मिळाली.

यावर घेतला जाणारा आक्षेप उघड आहे. पाहुण्याच्या कीर्तीने यजमान झाकोळतो, संगीत बाजाराच्या सोयीने वळते आणि ‘आयरिश’ हा एक विक्रीयोग्य शिक्का होतो. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. ‘द लाँग ब्लॅक व्हेल’ मध्ये काही ठिकाणी गायकापुढे पाइप्स आणि फिडल केवळ पार्श्वभूमीस उरतात, हे ऐकणाऱ्यास सहज जाणवते.

परंतु आक्षेपाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. नॅशव्हिलचे संगीत असो, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील कलावंतांसह केलेली ‘फायर इन द किचन’ (१९९८) असो, यांत आयरिश वादक परक्या घरी गेलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळाने आणि दारिद्र्याने ज्यांना समुद्रापार लोटले, त्यांच्याबरोबर गेलेल्या चालींच्या शोधात तो निघाला आहे. कोलमन आणि ओ’नील यांचे कार्यही अमेरिकेतच झाले, हे विसरता येत नाही. आयरिश संगीताचा इतिहास आयर्लंडच्या किनाऱ्याशी संपत नाही. या ध्वनिमुद्रिका त्याचा भूगोल रेखाटतात.

शिवाय पाहुण्यांबरोबर असे विषय आले, जे परंपरेने हाताळले नव्हते. ‘टिअर्स ऑफ स्टोन’ (१९९९) या स्त्रीगायिकांच्या ध्वनिमुद्रिकेत जोनी मिचेलने मॅग्डलीन धुलाईगृहांवरील आपले गीत गाइले. या धर्मसंस्थांच्या धुलाईगृहांत ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांना कोंडून विनावेतन राबविले जात असे. आयरिश शासनाने त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २०१३ साली. राष्ट्राचा सांगीतिक राजदूत म्हणून गौरविलेल्या वृंदाच्या तबकडीवर राष्ट्राच्या लज्जेचा विषय चौदा वर्षे आधी नोंदला गेला, ही गोष्ट केवळ व्यापाराच्या भाषेत सांगून संपत नाही. तीच गोष्ट ‘सान पात्रिसियो’ (२०१० ) या ध्वनिमुद्रिकेची. १८४६–४८ च्या युद्धात अमेरिकन सैन्य सोडून मेक्सिकोच्या बाजूने लढलेल्या आयरिश सैनिकांची ही कथा. त्यांतील अनेकांना १८४७ साली फाशी देण्यात आले. राय कूडर आणि मेक्सिकन कलावंत यांच्या साहाय्याने मोलोनीने ती संगीतबद्ध केली. विजेत्यांच्या इतिहासात ज्यांची नोंद केवळ फितूर म्हणून झाली, त्यांची बाजू येथे ऐकावयास मिळते.

७. साधनाची मर्यादा आणि उपयोग

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या ध्वनिमुद्रिकांत काय नाही, हेही पाहणे अवश्य आहे. घराच्या चुलीजवळ एकट्याने वाजविलेली, चुकत-माकत पुन्हा धरलेली चाल येथे नाही. नाचणाऱ्यांच्या पावलांचा, मध्येच येणाऱ्या गप्पांचा आवाज क्वचितच आहे. परगण्यापरगण्यांतील शैलीभेद मांडणीच्या ओघात सौम्य झाले आहेत. ‘वॉटर फ्रॉम द वेल’ (२००० ) या ध्वनिमुद्रिकेत वृंद पुन्हा आयर्लंडच्या निरनिराळ्या भागांतील वादकांकडे गेला, यावरून ही उणीव मोलोनीसही जाणवली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. २०२२ साली, म्हणजे मोलोनीच्या मृत्यूनंतर, सान फ्रान्सिस्को येथील १९७३ व १९७६ मधील मैफलींचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. क्रमांकाच्या तबकड्यांशी ते ताडून पाहिल्यास स्टुडिओतील घडीव रूप आणि रंगमंचावरील सैल रूप यांतील अंतर अभ्यासकास मोजता येते. असा मुकाबला करणे, हे लिखित साधनांच्या पाठभेदांइतकेच आवश्यक मानले पाहिजे.

या विवेचनातून अभ्यासकासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ध्वनिमुद्रिकेस तिच्या निर्मितीच्या कारणापासून वेगळे करून वाचू नये. कोणी, कोणासाठी, किती मिनिटांच्या मर्यादेत ती केली, हे ठाऊक असल्याखेरीज तिच्यातील ‘परंपरा’ ओळखता येत नाही. दुसरी, ऐकू येणाऱ्या चालीचे वय आणि तिच्या मांडणीचे वय ही दोन भिन्न वये होत. कॅरोलनची चाल अठराव्या शतकाची असेल, पण तिचा आजचा नाद १९७० नंतरचा आहे. तिसरी, एकदा तबकडीवर आलेले रूप पुढील पिढीचा पाठ बनते. कोलमनच्या बाबतीत जे घडले, तेच चीफटन्सच्या बाबतीतही घडले. जगभरचे तरुण वादक आज या चाली त्यांच्या मांडणीनेच शिकतात.

यात हानी आहे तशी प्राप्तीही आहे. अनेक स्थानिक उच्चार मंद झाले, पण ज्या संगीतास १९५० च्या आसपास शहरी सुशिक्षित समाजात फारशी प्रतिष्ठा उरली नव्हती, ते जगाच्या मोठमोठ्या सभागृहांत सन्मानाने ऐकले गेले. बंटिंगने स्वरलिपीत जे बंदिस्त केले, ते बेलच्या बोटांनी पुन्हा नादरूप झाले. डेरेक बेल २००२ साली गेला, मार्टिन फे २०१२ साली, शॉन पॉट्स २०१४ साली, मोलोनी २०२१ साली आणि शॉन कीन २०२३ साली. वादकांची ती पिढी आता बहुतांशी काळाच्या पडद्याआड गेली आहे आणि त्यांच्या कार्याचा मुख्य पुरावा म्हणून या तबकड्याच मागे उरल्या आहेत. त्या परंपरेचा शेवटचा शब्द नव्हेत. परंपरा स्वतःला कसे बदलवीत जगते, याची ती तारीखवार लिहिलेली वही आहे. आणि तशीच ती वाचली जावयास हवी.